उपाशी की उपास?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर सांगतात एक आणि घरात घडतं भलतंच! पेशंट हट्टी असतात म्हणून? की आपलं सांगणंच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही? आई-बाबा गावाकडे आणि आपण पुण्या-मुंबईत, अशा सगळ्यांसाठी... अकलूजच्या निमित्ताने.

'उद्या सकाळी उपाशीपोटी या.'

मराठी माणसाला कळणार नाही असं या वाक्यात काय आहे? काहीच नाही. पण हेच वाक्य हॉस्पिटलच्या काउंटरवरून निघून घरात पोहोचलं की त्याचं काय होतं बघा. आई म्हणते, 'म्हणजे उपासच की! मला काय नवीन आहे व्हय?' खरंच नवीन नसतं. चाळीस वर्षं एकादशी झालीय, चतुर्थी झालीय, नवरात्रातले नऊ दिवस झालेत. मग ऑपरेशनच्या दिवशी ती पहाटे उठते, अंघोळ करते, देवाला हात जोडते, कपभर चहा घेते आणि वर वाटीभर साबुदाण्याची खिचडी. आठच्या ठोक्याला हॉस्पिटलमध्ये हजर! भूल देणारे डॉक्टर विचारतात, 'काही खाल्लंय का?' ती अगदी मनापासून सांगते, 'न्हाई ओ, उपास हाय.'

आता सांगा, ती खोटं बोलली का? नाही. तिने सूचना मोडली का? तिच्या मते तर तीही नाही. तिने 'उपास' शंभर टक्के पाळला. डॉक्टरांना हवं होतं रिकामं पोट. आणि आपल्या उपासाचा रिकाम्या पोटाशी फारसा संबंध नसतो, हे साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी आणि राजगिऱ्याचा लाडू खाल्लेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे!

पेशंट सूचना का पाळत नाहीत, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. बहुतेक वेळा ते सूचना पाळतात... पण त्यांना ऐकू आलेली.

अकलूजच का?

कारण आपल्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचं 'गाव' असंच कुठेतरी आहे. नीरा नदीकाठचं, माळशिरस तालुक्यातलं, ऊस आणि साखर कारखान्याभोवती वाढलेलं अकलूज. ग्रामपंचायतीची नगरपरिषद व्हायला इथे २०२१ उजाडलं; पण दवाखान्यांच्या बाबतीत ते आधीपासूनच शहर आहे. शासनाचं उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी हॉस्पिटल्स आहेत आणि वेळापूर, नातेपुते, महाळुंग अशा आसपासच्या गावांतून पेशंट इथेच येतात. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशय, गर्भाशय, गुडघा... पूर्वी ज्यासाठी सोलापूर किंवा पुणं गाठावं लागायचं, त्यातलं बरंच काही आता इथे होतं.

त्यातच २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होता. तीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 'पैसे नाहीत' म्हणून वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणारी माणसंही त्यामुळे ऑपरेशन टेबलपर्यंत पोहोचू लागली. अनेक घरांतलं ते पहिलंच ऑपरेशन. 'भूल' म्हणजे काय, हे सांगायला घरात कुणी अनुभवी नाही. मुलगा हिंजवडीत, मुलगी ठाण्यात. आणि सगळ्या सूचना फोनवर!

या पट्ट्यात उपास ही खासगी गोष्ट नाही, ती गावाची रीत आहे. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला मुक्कामाला येते, माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं आणि पुढच्या काही दिवसांत येते एकादशी. अशा गावात 'उपाशी' म्हटल्यावर आधी कढईत साबुदाणाच पडणार. दोष ना आईचा, ना डॉक्टरांचा. दोष शब्दाचा!

पण एका चहाने असं काय बिघडतं?

बिघडतं. भूल दिली की फक्त झोप लागत नाही. शरीराचे पहारेकरीही झोपतात. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू सैल पडतो आणि घशात काही आलं तर ठसका लागून ते बाहेर फेकलं जाण्याची सोयही बंद होते. अशा वेळी पोटात काही असेल तर ते वर येऊन थेट फुप्फुसात उतरू शकतं. तेही नुसतं अन्न नाही, सोबत जठरातलं आम्ल.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या प्रसूतितज्ज्ञाने याचा हिशेबच मांडला. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ बाळंतपणांपैकी ६६ जणींच्या फुप्फुसात भुलेखाली पोटातला ऐवज गेला होता. त्यातल्या दोघी घन अन्नाने श्वास कोंडून गेल्या. आज हे पुष्कळ कमी घडतं, कारण पोट रिकामं ठेवण्याचा नियम जगभर रुजला. पण धोका संपलेला नाही. भुलेदरम्यान श्वसनमार्गात होणाऱ्या गंभीर गुंतागुंतींची एक राष्ट्रीय पाहणी ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात भुलेच्या वेळी झालेल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हेच निघालं.

मग किती तास? मोठ्यांसाठी साधारण हिशेब असा: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, दूध आणि हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळलेलं, तेलकट, मटण वगैरे असेल तर आठ तास किंवा जास्त. म्हणजे पाणी आणि चहा एका रांगेत बसतच नाहीत. पाणी पोटातून पटकन पुढे सरकतं. आपल्या चहातलं दूध मात्र पोटात गेलं की फाटतं आणि घट्ट होतं. दुधाचा चहा हा डॉक्टरांच्या हिशेबात 'पेय' नसून 'खाणं' आहे! आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली खिचडी तर चांगलंच जेवण.

हे कारण कधी कुणी आईला सांगितलंय? बहुतेक वेळा नाही. 'खायचं नाही' एवढंच सांगितलं जातं. कारण नसलेला नियम म्हणजे हेडमास्तरांचा नियम. मास्तर पाठमोरे झाले की मोडायचा.

'च्या तर घेतलाय नुसता!'

घरोघरी काही गोष्टी 'धरल्याच' जात नाहीत. चहा हे खाणं नाही. दूध तर औषधच. प्रसाद हा प्रसाद असतो, त्याला नाही म्हणायचं नसतं. आणि मिसरी? मिसरी म्हणजे दात घासणं!

इथे खरी गंमत आहे, किंवा खरी काळजी. डॉक्टर विचारतात, 'सिगारेट, विडी?' उत्तर येतं, 'नाही.' उत्तर खरंच असतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूर काढणारे जेमतेम ३.८ टक्के, पण तंबाखू खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के! प्रश्न धुराचा विचारला जातो आणि सवय चुन्याच्या डबीत बसलेली असते. पहाटे मिसरी लावणाऱ्या बाईला 'तंबाखू खाता का?' विचारलं तरी ती 'नाही'च म्हणणार, कारण ती खात नाही, लावते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये धूम्रपान करणाऱ्यांना सांगितलं, की ऑपरेशनच्या चार आठवडे आधी ते सोडा, गुंतागुंत कमी होते. पण विचारताना तंबाखूचा प्रत्येक प्रकार नाव घेऊन विचारला, तरच खरं उत्तर मिळेल.

गोळ्यांचं तर विचारूच नका. 'उपाशी' म्हणून अण्णा बीपीची गोळीही घेत नाहीत आणि टेबलवर बीपी आभाळाला टेकतं. दुसरीकडे शुगरची गोळी मात्र सवयीने घेतात, वर काही खात नाहीत आणि शुगर धाडकन खाली! खरं तर बीपीच्या काही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, काही त्या सकाळी टाळायच्या असतात. शुगरच्या काही नव्या गोळ्या तर तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात. रक्त पातळ करणारी गोळी काहींना बंद करावी लागते. पण हृदयात स्टेंट असेल तर ती परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. आणि अण्णांना त्यांच्या गोळ्यांची नावं कुठे ठाऊक असतात? 'लाल बारकी' आणि 'पांढरी मोठी'. तेव्हा यादी करत बसू नका, पिशवीच घेऊन जा.

दोन घास प्रेमाचे

आपल्याकडे माणूस ऑपरेशनला एकटा जात नाही. सोबत मामी असते, आक्का असते, शेजारच्या काकू असतात. आणि आपल्याकडे प्रेमाची भाषा एकच: 'दोन घास खाऊन घे, अंगात ताकद पाहिजे.' रात्री बारानंतर काही खायचं नाही ना? मग पावणेबाराला उठवून पोटभर भाकरी-कालवण! नियम पाळलाही आणि त्यातला अर्थ घालवलाही.

लहान मुलांच्या बाबतीत हे जास्तच अवघड. टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी आणलेलं पोर भुकेने रडतंय आणि आजीच्या पिशवीत पार्ले-जीचा पुडा आहे. किती वेळ तग धरणार आजी?

शिवाय प्रत्येक काकूकडे स्वतःचा अनुभव असतो. 'माझ्या डोळ्याच्या वेळी तर मी जेवून गेले होते!' बरोबर आहे, मोतीबिंदू बऱ्याचदा नुसता डोळा बधिर करून काढतात, तिथे नियम वेगळा असू शकतो. पण काकूंचा मोतीबिंदूचा नियम अण्णांच्या हर्नियाला लावला जातो. किंवा, 'कमरेत इंजेक्शन देणार आहेत, पूर्ण भूल कुठाय?' कमरेतलं इंजेक्शन पुरेसं लागलं नाही तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते, हे काकूंना कुणी सांगितलेलं नसतं.

काही सूचना पोटाच्या नसतात, मनाच्या असतात. मंगळसूत्र काढा, जोडवी काढा, बांगड्या काढा. डॉक्टरांसाठी तो धातू आहे. ऑपरेशनच्या विजेच्या उपकरणांमुळे तिथे भाजू शकतं, हातापायाला सूज आली तर रुतू शकतं. तिच्यासाठी मात्र तो अपशकुन असतो, तोही नेमक्या त्या दिवशी! 'काढ म्हटलं ना' असं खेकसण्यापेक्षा आदल्या दिवशी घरीच, शांतपणे, तिच्या हाताने काढून देवापुढे ठेवलं आणि मनगटाला हळद लावलेला दोरा चालेल का, हे सिस्टरना विचारून घेतलं, तर वाद मिटतो.

आणि कवळी? सासरेबुवा सुनेसमोर कवळी काढायला तयार नसतात. लाज वाटते. पण सुटी कवळी भुलेखाली घशात सरकू शकते. इथे उपाय साधा आहे: सर्वांना बाहेर पाठवा, एक वाटी द्या आणि पाठ फिरवा!

डॉक्टरांचंही थोडं चुकतं

सगळा दोष घरावर ढकलून चालणार नाही. केसपेपरवर काय लिहिलेलं असतं? 'एनबीएम'. म्हणजे निल बाय माउथ, तोंडाने काहीही नाही. इंग्रजीतली तीन अक्षरं, तीही डॉक्टरी अक्षरात! शिवाय ती सांगितली जातात कधी? ऑपरेशन करावं लागणार, हे कळल्यावर दोन मिनिटांनी. तेव्हा डोक्यात एकच असतं: 'मी जगेन ना?' रॉय केसेल्स या संशोधकाने २००३ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिलं, की डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती लगेच विसरली जाते आणि जी आठवते त्यातली जवळपास निम्मी चुकीची आठवते. हे सगळ्यांचंच, फक्त गावाकडच्यांचं नव्हे.

दुसरं म्हणजे सरसकट नियम. 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही' असं सगळ्यांनाच सांगून टाकायचं आणि नंबर लागतो दुपारी दोनला. चौदा तास तहानलेला पेशंट! साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, असं आजचं भूलशास्त्र सांगतं. तरी जुनी सवय जात नाही. एका डॉक्टरांनी एक सांगितलं आणि दुसऱ्यांनी दुसरं, की पेशंट तिसरंच करतो: स्वतःच्या मनाचं.

आणि कधीकधी पेशंट जास्तच आज्ञाधारक असतो. 'जागा स्वच्छ करून या' म्हटलं की न्हाव्याकडे जाऊन वस्तऱ्याने गुळगुळीत! वस्तऱ्याच्या बारीक जखमांमधून जंतुसंसर्ग होतो, म्हणून वस्तरा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच बजावलंय. काढायचेच असतील तर हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतील.

सगळ्यात धोक्याचं: गप्प बसणं

खाल्लं, हे तितकं धोक्याचं नाही. खाल्लं आणि सांगितलं नाही, हे धोक्याचं. अपघातातल्या पेशंटचं पोट भरलेलं असतानाही ऑपरेशन होतंच की! हो, होतं. कारण तिथे थांबणं जास्त धोक्याचं असतं आणि भूलतज्ज्ञांना भरल्या पोटाची कल्पना असते. ते त्या तयारीनेच भूल देतात. तुमच्या आईने चहा लपवला तर त्यांना ती संधीच मिळत नाही.

मग ती लपवते का? हिशेब करा. मुलगा पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी काढून आलाय. जीप ठरवलीय. अमावास्या टाळून तारीख काढलीय. ऊस तुटून गेल्यावर, लग्नसराई संपल्यावर कसाबसा दिवस ठरलाय. आता एका कपासाठी सगळं पुढे ढकलायचं? वर सिस्टर चारचौघांत ओरडणार, मुलगा चिडणार. 'काही खाल्लं नाही' हे उत्तर तिला सर्वात स्वस्त वाटतं. प्रत्यक्षात तेच सर्वात महाग असतं.

म्हणून ओरडणं बंद करणं ही भावनिक गोष्ट नाही, ती सुरक्षिततेची गोष्ट आहे.

आपणही काही कमी नाही!

गावाकडच्यांना हसण्याआधी आरशात बघू. लिगामेंटच्या ऑपरेशनच्या सकाळी 'फक्त कॅपुचिनो' घेणारे आपल्यातच आहेत. कॅपुचिनो म्हणजे दूधच ना? 'प्रोटीन शेक लिक्विडच आहे की!' ही आपली साबुदाण्याची खिचडी. वीकेण्डची पार्टी, व्हेप, जिमची पावडर, नेटवरून मागवलेली हर्बल कॅप्सूल... फॉर्मवर यातलं काय लिहितो आपण? वजन कमी करायची इंजेक्शनं घेत असाल तर ती आवर्जून सांगा. त्यांनी पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो. नेहमीइतके तास उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं.

फरक एवढाच, की आपण गुगल करून चुकतो आणि ते काकूंना विचारून!

आदल्या रात्रीचा फोन

सूचना कळली का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. 'समजलं ना?' असं विचारायचं नाही, त्याला उत्तर 'हो'च येतं. त्याऐवजी: 'आई, उद्या सकाळी उठल्यापासून काय काय करणार, मला सांग बरं.' ती सांगू लागली की चहा कुठे लपलाय ते आपोआप कळतं. फोन करायचाच तर असा करा:

* 'उपाशी' हा शब्दच वापरू नका. 'चहा नाही, दूध नाही, खिचडी नाही, केळं नाही, प्रसाद नाही, मिसरी नाही' असं एकेक नाव घेऊन सांगा.
* कारण सांगा. 'भुलेत पोटातलं वर येऊन छातीत जातं, जीव गुदमरतो.' एवढं पुरतं.
* 'रात्री बारानंतर' असं मोघम नको. शेवटचं खाणं किती वाजता, शेवटचं पाणी किती वाजता, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारून मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. कागद स्वयंपाकघरात लावा, कारण चहा तिथेच होतो!
* फोन फक्त पेशंटला नको. सोबत जाणाऱ्या मामीला, आक्कालाही हेच सांगा.
* प्रत्येक गोळीबद्दल तीनच प्रश्न: आज रात्री घ्यायची? उद्या सकाळी घ्यायची? पुन्हा सुरू कधी करायची? उत्तरं डॉक्टरांकडूनच घ्या.
* दागिने, कवळी, नेलपॉलिश यांचा निकाल आदल्या दिवशी घरीच लावा.
* योजनेतून ऑपरेशन असेल तर कागदपत्रांसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटाल, तेव्हाच 'सूचना मराठीत कोण समजावून सांगेल?' हेही विचारा.
* आणि शेवटचं वाक्य हेच ठेवा: 'चुकून काही खाल्लंच, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांग. ऑपरेशन पुढे गेलं तरी चालेल, मी परत रजा काढीन.'